इंजिनाचा पोळा

समुद्र नसलेल्या जिल्ह्यात मी बोटीपायी गेलो. मी मूळचा कोकणातला, खाडीकाठचा. सातवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. मग बंदरावरच्या वर्कशॉपात इंजिनं धुता धुता ती उघडायला शिकलो. तिथल्या एका जुन्या प्रवासी बोटीला वैनगंगेकाठचं गिऱ्हाईक मिळालं. बोट ट्रकवर चढवताना मालकाने विचारलं, "हिच्यासोबत जाशील काय? ही म्हातारी नव्या माणसाचं ऐकायची नाही." मी लगेच हो म्हटलं. घरी भावाच्या संसारात माझी वळकटी रोज वेगळ्या कोपऱ्यात पडत होती. कुणाला तरी मी कुठे तरी हवा होतो, तेवढ्याने मी ट्रकमध्ये बसलो.

गाव पवनी तालुक्यातलं, नदीच्या अलीकडचं. धरणाचं पाणी मागे पसरलं तसं गावाचं बरंच रान पाण्याखाली गेलं आणि जी शेतं उरली त्यातली निम्मी पलीकडच्या काठावर राहिली. रस्त्याने तिकडे जायचं तर आधी भंडाऱ्याला जा, कारध्याच्या पुलावरून पार व्हा आणि मग दुसऱ्या काठाने तेवढंच खाली या. त्यात अर्धा दिवस जायचा. म्हणून गावकऱ्यांनी सोसायटी काढून ही बोट घेतली होती. घाटाजवळ मला एक खोली दिली. जेवण मी माझं करायचो, पण भाजी मला कधी विकत घ्यावी लागली नाही. कुणी वांगी ठेवून जायचं, कुणी लाखोरीची भाजी, कुणी तळ्यातले मासे. दार उघडलं की उंबऱ्यावर काहीतरी असायचं. कोण ठेवून गेलं ते कळायचं नाही, त्यामुळे कुणाचे आभार मानायचे हेही कळायचं नाही, आणि मी भेटेल त्याच्याकडे बघून हसायचो. "कोकणातला मिस्तरी उगाच हासते," असं माझं नाव झालं.

खरं सांगायचं तर मी फार घाबरलेला असायचो. भाषा मराठीच, पण माझ्या कानाला ती उशिरा पोचायची. मी उत्तर जुळवेपर्यंत बोलणारा पुढे गेलेला असायचा. आणि पाणी एवढं समोर पसरलेलं, पण त्याला आवाज नव्हता. लहानपणापासून मी लाटांच्या आवाजात झोपलेला माणूस. इथे पाणी नुसतं पडून असायचं. फोनला रेंज घाटावरच यायची. आई विचारायची, "जेवलंस मा?" मी जेवलो म्हणायचो. तिच्या मागे लाटा ऐकू यायच्या, म्हणून मी फोन लवकर ठेवत नसे.

बोलायला एकच माणूस होता, बोट चालवणारे काकाजी. साठी उलटलेली, अंगाने काटक. शेत पाण्यात गेल्यावर त्यांनी बैलजोडी विकली होती. शेतीसोबत आयुष्यभर डोंगाही वल्हवलेला माणूस, सुकाणू त्यांच्या हातात बरोबर बसलं. इंजिनाला ते बैलासारखंच बोलायचे. सेल मारला आणि इंजिन धडधडून लागलं की म्हणायचे, "हाव, हाव, समजलं, चाल आता." मला म्हणायचे, "तू याचा डॉक्टर, मी याचा मालक. भाडं खाणारे ते सोसायटीवाले."

पहिल्या पावसाळ्यात पोळ्याच्या आदल्या दिवशी मला ताप भरला. मी खोलीत गोधडी घेऊन पडलो होतो. दुसऱ्या दिवशी गावात बैल सजले, डफ वाजले, तोरणाखाली गर्दी जमली, पोळा फुटला. ते सगळं मी भिंतीपलीकडून ऐकलं. मधून कुणीतरी दाराशी पुरणपोळ्या ठेवून गेलं. मला त्या खाववल्या नाहीत, पण ताटली मी उशाशीच ठेवून घेतली.

ताप उतरल्यावर घाटावर गेलो आणि इंजिनाच्या पेटीचं झाकण उघडून बघतच राहिलो. अख्खं इंजिन हिरवंगार रंगवलेलं, कडांना लाल पट्टे, वर हळदीची बोटं. काकाजी मागे उभे होते.

"माह्याकडं बैल नाही आता," ते म्हणाले. "मंग कोणाची शिंगं रंगवू? याचीच रंगवली. रात्री खांद शेकली याची, लोणी-हळद लावून. आवतनबी देल्लं. आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे लोणी-हळदीने चोळतात आणि त्यांना जेवायचं आमंत्रण असं देतात, हे मला त्या दिवशी कळलं. मी म्हटलं, "काकाजी, फारच देखणं झालंय." आणि ते होतंही. धूळ, तेल, जुना गंज, सगळं खरवडून त्यांनी एकेक कोपरा रंगवला होता. आमच्या बंदरावर इंजिनाचं कुणी इतकं केलेलं मी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर बोट बिघडत गेली. एकदम नाही, हळूहळू. आधी सकाळचा सेल जड झाला. इंजिन कण्हल्यासारखं फिरायचं आणि थांबायचं. मी बॅटरी काढून बसने भंडाऱ्याला नेली, दुकानदाराने तपासून ठणठणीत म्हणून परत दिली. मग गियरची लिव्हर घट्ट झाली. पुढचा गियर पडायला दोन्ही हात लागायचे, आणि पडला की न्यूट्रलला येईना. एकदा बोट घाटाच्या पायऱ्यांवर तशीच चालत गेली. काकाजींनी बांबू रोवला म्हणून थोडक्यावर निभावलं. बोटीत बायका होत्या. कुणाला लागलं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून बोट बंद झाली.

सोसायटीचे अध्यक्ष घाटावर आले. खताचं दुकान असलेला, एरवी माझ्याशी नीट वागणारा माणूस. म्हणाले, "पाहा मिस्तरी, मी तुले बोल लावत नाही. पन हलकं धान कापाले येऊन राह्यलं. बायाईले पार न्यायचं आहे. तवरीक बोट सुरू झाली तं ठीक, नाही तं आमी भंगारवाल्याले देऊन टाकतो आन भाड्याचा डोंगा लावतो."

"आणि मी?" असं मी विचारलं नाही. बोट भंगारात गेली तर तिच्या मिस्तरीला कुणी कशाला ठेवील. मला ट्रकने आणलं होतं, बसने परत जावं लागणार होतं. रिकाम्या हाताने भावाच्या दारात उभा राहिलेला मी मला दिसत होतो, आणि माझ्या वळकटीला आता तो कोपराही नसणार हेही.

मी गियरबॉक्सच्या मागे लागलो, कारण दुखणं तिथेच दिसत होतं. ऑइल काढलं. ते स्वच्छ होतं, जळका वास नाही, तळाला लोखंडाचा चुरा नाही. तरी उघडला. आत सगळं जागच्या जागी. बंद करून लावला. मग लिव्हरपासून गियरबॉक्सपर्यंत जाणारी केबल सोडवली, तेव्हा ती आतल्या आत चिकटलेली निघाली. पोलादी तारेभोवतीचं प्लास्टिक वितळल्यासारखं झालं होतं. मला हायसं वाटलं. जुनी झाली असेल, गेली. नागपूरहून नवी मागवली, बसवली, लिव्हर लोण्यातून फिरल्यासारखी फिरली. काकाजी म्हणाले, "डॉक्टर, पास झाला गा तू." चारच दिवसांनी नवी केबलही अडकायला लागली. काकाजींनी लिव्हरवर हात ठेवला, काढून घेतला आणि पायऱ्यांवर जाऊन बिडी पेटवली.

पलीकडच्या काठाला हलकं धान, म्हणजे लवकर येणारं भात, पिवळं पडलेलं घाटावरून दिसत होतं. माझं जेवणावरून मन उडालं. उंबऱ्यावर भाजी यायची थांबली नव्हती, आणि तेच मला जास्त टोचायचं.

धान कापणाऱ्या बायांच्या टोळीची एक मुकादम होती. सगळे तिला मावशी म्हणत, मीही. नकार ऐकून न घेणारी बाई. एका सकाळी ती घाटावर आली. हवेत गारठा होता. मी पेटी उघडून सेल मारत बसलो होतो.

"जय भीम, मिस्तरी. होते का नाही ते सांग. नाही तं मी बाया घेऊन दुसऱ्या गावाले जाते."

"प्रयत्न करतोय, मावशी."

"तुही मेहनत पाहूनच तं इचारून राह्यले." ती पेटीच्या काठाला बसली आणि गारठ्याने आखडलेले हात कुठेतरी टेकवावेत म्हणून खाली घातले. मी परत सेल मारला. इंजिन कण्हलं. परत मारला. आणि ती म्हणाली, "हे दोरी गरम काहून लागून राह्यली गा? इंजिन तं सुरूबी नाही झालं."

तिचा हात गियरच्या केबलवर होता. मीही हात लावला. केबल चहाच्या पेल्याइतकी गरम होती.

इंजिन थंड, आणि केबल गरम. केबलमधून नुसतं खेचणं-ढकलणं जायला हवं, तिथून करंट जात होता. सेल फिरवून झाला की करंट इंजिनाच्या अंगातून बॅटरीच्या मायनसला परत यायला हवा, आणि त्यासाठी इंजिनाला एक जाड पट्टी जोडलेली असते. ती वाट बंद पडली तर तो दुसरी शोधतो. आमच्या बोटीत सुकाणूच्या लोखंडी खांबाला दिव्यासाठी एक मायनसची वायर होती. करंट इंजिनातून केबलच्या तारेने लिव्हरला, लिव्हरमधून खांबाला आणि तिथून त्या वायरने घरी जात होता. तेवढ्या बारीक वाटेने सेलला पुरेसा जोर मिळत नव्हता, आणि जाता जाता केबल भाजून निघत होती. समुद्रावर आम्ही ही पट्टी सगळ्यात आधी पाहतो, खाऱ्या पाण्याने तिला हिरवा गंज चढतो. इथे गोडं पाणी, म्हणून माझा हात तिकडे गेलाच नव्हता.

मी एक जाड वायर घेऊन इंजिनाचा एक बोल्ट आणि बॅटरीचा मायनस सरळ जोडला. सेल मारला. इंजिन एका झटक्यात लागलं. मावशी दचकून उठली आणि हसायला लागली. "बह्याडा, एवढंसंच होतं तं इतके दिवस काय पूजा करत होता?"

मग पट्टीचा नट सोडला. खाली हिरवा रंग होता, छान, जाड, दोन हात दिलेला. काकाजींनी पट्टी काढून तिच्या खालची जागासुद्धा घासून रंगवली होती आणि रंगावरच ती परत घट्ट आवळली होती. रंगातून करंट जात नाही. नटाच्या आट्यांमधून जेवढा जात होता तेवढ्यावर बोट काही दिवस चालली, मग तेही तुटत गेलं.

मी ती जागा पॉलिश पेपरने घासून पांढरी केली, पट्टी बसवली. नागपूरहून आणखी एक केबल आली. धान कापायला बाया पार गेल्या, पहिल्या फेरीत मावशी पुढे उभी. अध्यक्षांनी विचारलं, "काय निघालं शेवटी?" मी म्हटलं, "अर्थिंगची पट्टी नीट बसलेली नव्हती." ते खरंच होतं. भंगारवाल्याला येऊ नको म्हणून निरोप गेला आणि मी राहिलो.

पण काकाजींपासून लपवणं मला जमलं नाही. पुन्हा रंगवलं तर पुन्हा तेच होणार होतं. दोघंच असताना मी त्यांना ती घासलेली जागा दाखवली आणि शक्य तेवढ्या हळू आवाजात सांगितलं. त्यांनी त्या जागेवरून अंगठा फिरवला.

"म्हनजे मीच याचा गळा दाबून ठेवला होता."

"तसं नाही, काकाजी. तुमचा रंग चांगलाच..."

"राहू दे गा."

त्यानंतर ते बोट चालवायचे, माझ्याशी लागेल तेवढंच बोलायचे. इंजिनाशी बोलणं त्यांनी बंद केलं. सेल मारला की नुसतं सुकाणू धरायचे. त्या हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात मी जितका एकटा होतो तितका आजारपणातही नव्हतो. बोट बिघडलेली असताना घाटावर चार माणसं बसायची, विचारायची, सल्ले द्यायची, थट्टा करायची. ती नीट चालायला लागल्यावर लोक आले की चढायचे आणि उतरले की जायचे. मी अड्याळच्या बाजाराला जाऊन तासभर उगाच भाव विचारत हिंडायचो, कुणाशी तरी बोलणं व्हावं म्हणून. माझी जागा टिकली होती. त्याबद्दल मी मनापासून आभारी होतो, पण बोलायला जो एक माणूस होता त्याचीच नजर माझ्याकडे वळत नव्हती.

पुढचा पोळा जवळ आला तसा मला धाक वाटायला लागला. काकाजी रंगवायला आले नाहीत तर इंजिन तसंच राहील, काळं, तेलकट. आणि ते माझ्यामुळे. पोळ्याच्या आदल्या दिवशी मी इंजिन धुऊन पुसून ठेवलं. पट्टीच्या जागेवर चिकटपट्टी लावली, दोन पदरी. ते येणार असं धरून चाललोय, याचीच मला लाज वाटत होती.

ऊन उतरल्यावर ते घाटाच्या पायऱ्या उतरले. एका हातात रंगाचा डबा, दुसऱ्यात वाटी, वाटीत लोणी आणि हळद. पेटीशी बसले. चिकटपट्टीवर बोट ठेवून म्हणाले, "हेच का ते?"

"हो. तेवढं सोडून सगळं रंगवा."

"एवढीशी जागा," ते म्हणाले. त्यांनी लोणी-हळद इंजिनाच्या अंगावर चोळली, हळू, सगळीकडे, चिकटपट्टीच्या कडेकडेने. रंग धरावा म्हणून ती फडक्याने पुसून काढली, मग हात जोडले. "आज आवतन घे, उद्या जेवाले ये." आणि मान न वळवता मला म्हणाले, "तूबी घे गा आवतन. मागच्या साली तापात पडला होता."

मी घाईघाईने म्हटलं, "येतो काकाजी, नक्की येतो, काही आणू का, किती वाजता..."

"बैल बोलते का आवतन घेतल्यावर?" त्यांनी रंगाचा डबा उघडला. "उगी ये उद्या. आन तो बारका ब्रश दे इकडं."