द्वारकाबाईंच्या कॉम्प्युटरचं कुंकू

मुरुम गावच्या बाजारात कापड दुकानांची ओळ संपते तिथं एक अरुंद गाळा आहे. वर पाटी आहे, 'रणधीर ग्राफिक्स'. रणधीर मात्र त्या खुर्चीवर कधी बसला नाही. तो पुण्याला एका कंपनीच्या स्टोअरमध्ये नोकरीला आहे. गाळ्यात बसतात त्याच्या आई, द्वारकाबाई. आसपासच्या गावांत कुणाचं लग्न ठरलं, की साखरपुड्याचे पेढे संपायच्या आत माणसं पत्रिका छापायला त्यांच्याकडं येतात.

नवरा गेला तेव्हा रणधीर बालवाडीत होता. द्वारकाबाई उमरग्याला टायपिंग शिकल्या आणि कचेरीबाहेर टाइपरायटर घेऊन अर्ज लिहीत बसल्या. पुढं टाइपरायटरचे दिवस सरले. शेजारच्या टायपिस्टांनी मशीन भंगारात घालून दुसरे धंदे धरले. बाईंनी कॉम्प्युटर घेतला. त्यांचं अक्षर न् अक्षर, त्यांनी काढलेल्या वेलबुट्ट्या, कलश, चौघडे, सगळं त्या एका जुन्या डब्यात भरलेलं होतं. त्यातला मराठी फॉन्टही असा जुना, की नव्या मशीनवर तो अक्षरांच्या जागी चौकोन दाखवी.

पण बाईंची खरी विद्या कॉम्प्युटरची नव्हे, नावांची. पत्रिकेत धाकट्या चुलत्याचं नाव थोरल्याच्या वर गेलं, की हळदीच्या दिवशीच मांडवात तोंडं फिरतात. बाईंना घरोघरची उतरंड पाठ. कुणाला नुसतं नाव चालतं, कुणाला पाटील लावावं लागतं, कुणाचा मामा रुसलेला आहे आणि म्हणून त्याचं नाव जरा ठळक टाकलं पाहिजे, हे त्या न विचारता करत. एकदा एकानं गडबडीत जिवंत आजोबांच्या नावामागं 'कै.' लिहून आणलं होतं. बाईंनी कागद परत सरकवला आणि म्हणाल्या, "सकाळी तर चहाच्या टपरीवर दिसले मला. जरा घाई करायलास तू."

रणधीरला आईचं हे एकटं राहणं सोसत नव्हतं. याच दिवाळीत तो हट्टाला पेटला. "आई, बास झालं आता. पुण्याला चल. सोनाली पण म्हणते, नातवंडांना आजी पाहिजे."

एकदा त्या महिनाभर राहून आल्या होत्या. सातव्या मजल्यावरचं घर छान होतं, सूनबाई सोनाली मायेची होती. पण दिवसभर त्यांना कुणी काही विचारलं नाही. "तिथं मला कोण विचारणार, हे नाव वर घेऊ का खाली?" एवढंच त्या म्हणाल्या होत्या. दिवाळीत मात्र पोराचा चेहरा बघून त्यांच्या तोंडून निघून गेलं, "बरं बाबा. हा कॉम्प्युटर बंद पडला की येते. दुकान मोडून येते."

रणधीरनं लगेच हात पुढं केला. "वचन?"

"वचन."

तुळशीचं लग्न झालं, लग्नसराई तोंडावर आली, आणि कॉम्प्युटर बंद पडला.

म्हणजे पुरता बंद नाही. सकाळी पडद्यावर आधी पट्टे आले, मग पडदा काळा झाला. आतला पंखा फिरत होता, दिवा लागत होता, सुरू होतानाची धून वाजत होती. फक्त तोंड दिसेना. समोर बसले होते रामहरी, शेतकरी गृहस्थ, मुलीच्या लग्नपत्रिकेचा मजकूर घेऊन. पत्रिका अर्धी झाली होती.

"आक्का, आता कसं? सोमवारी पत्रिका वाटायला निघायचंय मला. पयली तुळजापूरला देवीला ठेवायची."

"होईल, रामहरीभाऊ. सोमवारी हातात देते," बाई म्हणाल्या. पण आवाज नेहमीचा नव्हता. वचन त्यांना आठवलं होतं.

रणधीरला काही कळवायचं नाही असं ठरवून त्या उमरग्याची एसटी धरून गेल्या. तिथं व्यंकट नावाचा पोरगेला माणूस कॉम्प्युटर दुरुस्त करतो. दुकानात गर्दी मोठी. त्यानं हातातलं काम न सोडताच सगळं ऐकून घेतलं.

"मावशी, धून वाजती ना? मग मशीन जित्तं हाय. चित्र दावायचा भाग तेवढा गेलाय. नवं घ्या म्हणलो असतो, पण तुमच्या जुन्या फॉन्टाचं काय हुईल, देव जाणे. त्यापरीस हे ग्राफिक्स कार्ड बसवा." त्यानं तळहातावर मावेल एवढी हिरवी पट्टी काढली. तिला छोटा पंखा होता आणि खालच्या कडेला सोनेरी दातांची ओळ. "झाकण उघडायचं. आत लांबडी रिकामी खाच असती, तिच्यात हे दाबायचं. ही नवी केबल, अन् ह्या पेन ड्राइव्हमधलं सॉफ्टवेअर चढवायचं. जमंल?"

"झाकण तर मी दर खंडेनवमीला उघडते."

"कशाला?"

"पूजेला," बाई म्हणाल्या. व्यंकट हसला आणि त्यानं कार्ड बांधून दिलं.

रविवारी सकाळी बाईंनी झाकण काढलं. ती लांबडी खाच त्यांना चांगली ओळखीची होती. टाइपरायटर होता तेव्हा त्या त्याच्या कळांनाच हळदकुंकू लावत. कॉम्प्युटर आला तेव्हा त्यांना वाटलं, बाहेरून लावायचं म्हणजे देव्हाऱ्याच्या दाराला कुंकू लावून देवाला पोचलं म्हणण्यासारखं. म्हणून त्यांनी आतली जागा शोधली. मधोमध ती खाच, रिकामी, सरळ, विंचरलेल्या केसांतल्या भांगासारखी. नवरा गेल्यापासून त्यांचा स्वतःचा भांग सुना होता, बोटाची सवय मात्र गेली नव्हती. दर खंडेनवमीला त्या पाण्याच्या बोटानं हळद, मग कुंकू त्या खाचेत भरत आणि वर अक्षता टाकत.

आता नवं कार्ड नेमकं तिथंच बसणार होतं. त्यांना तो शकुनच वाटला. जागा आधीच पुजलेली! त्यांनी वरवर फुंकर मारली, कार्ड लावलं, दाबलं. कार्डाचं एक टोक बसलं, दुसरं किंचित वर राहिलं. आणखी दाबलं. मग केबल जोडून बटण दाबलं.

कॉम्प्युटर पीं पीं पीं करून ओरडू लागला. पडदा काळाच.

बंद केला, पुन्हा लावला. पुन्हा तेच. तेवढ्यात गाळ्यासमोर मोटार थांबली. रणधीर उतरला.

"तू कसा रे आज?"

"रामहरीकाकांचा फोन होता. म्हणाले, कॉम्प्युटर गेला, पत्रिकेचं कसं करू." तो खाली वाकून पाया पडला. त्याच्या चेहऱ्यावर काळजी होती आणि काळजीच्या मागं लपवलेला आनंद. बाईंनी मोटारीत डोकावून पाहिलं. मागच्या सीटवर रिकामी पोती घडी घालून ठेवलेली.

"ही पोती कशाला?"

रणधीर ओशाळला. "भांडीकुंडी न्यायला... तू वचन दिलं होतंस आई."

दिलेलं वचन मोडायची बाईंची रीत नव्हती. "संध्याकाळपर्यंत थांब," एवढंच म्हणाल्या. "रामहरीला सोमवारचा शब्द दिलाय. तोही वचनच हाय."

रणधीरनं स्वतः कार्ड दाबून पाहिलं. पीं पीं पीं. व्यंकटला फोन लावला, तो कुठल्यातरी लग्नाच्या वरातीत होता, बँडच्या आवाजात काही ऐकू येईना. दुपार कलली. बाई खुर्चीत नुसत्या बसून राहिल्या, कीबोर्डवर हात ठेवून.

शेजारच्या फुलांच्या दुकानातली इरम्मा तेवढ्यात चहा घेऊन आली. तिचं माहेर कर्नाटकातलं, बोलणं ठसक्याचं.

"यव्वा, काय सुतकी तोंडं करून बसलाव मायलेकरं! अन् हे नवीन यंत्र बसिवलं म्हणं. हळदकुंकू लावलं का न्हाय?"

"न्हाय बाई. तेच राहिलं बघ," द्वारकाबाई म्हणाल्या.

"मग वरडंल न्हाय तर काय करंल? बिनपूजेचं!"

रणधीरला हसू आलं. "मावशी, कॉम्प्युटर हाय तो. म्हस न्हाय."

"म्हस तरी दूध देती रं. तुझ्या आईला इतकी वर्सं ह्येनंच भाकर दिली," इरम्मा म्हणाली आणि हातातली झेंडूची दोन फुलं टेबलावर ठेवून निघून गेली.

बाई उठल्या, ड्रॉवरमधला करंडा काढला. चिमटीत कुंकू घेऊन वाकल्या आणि थबकल्या. कुंकवाच्या जागेवर कार्ड होतं. आता कार्ड काढल्याशिवाय कुंकू कुठं लावायचं? त्यांनी कार्ड हळूच उपसलं. खिडकीतलं ऊन त्याच्या कडेवर पडलं.

सोनेरी दात पान खाल्ल्यासारखे लालभडक झाले होते. आणि मधल्या फटीत तांदळाचा एक तुकडा अडकला होता.

बाई त्या दातांकडं बघत राहिल्या. मग त्यांनी खाचेत वाकून पाहिलं. आत कुंकवाचा थर दडपून बसला होता, पाण्याच्या बोटानं दरसाल दाबून दाबून बसवलेला.

"रणधीर," त्या म्हणाल्या, "अरे, मीच हेच्या घशात कुंकू भरलंय!"

आणि त्या हसू लागल्या. इतक्या हसल्या, की टेबलाला धरून उभं राहावं लागलं. रणधीरही हसला. मग त्यानं एकवार मोटारीकडं पाहिलं, पोत्यांकडं पाहिलं. हे मशीन असंच पडून राहिलं असतं तर आई आज रात्रीच त्याच्या घरी असती.

"काय पाहिजे साफ करायला?" तो म्हणाला.

"स्पिरिट. मेडिकलातून आण."

"आणतो. पण बघ, माझ्याच पायावर धोंडा पाडून घ्यायलोय मी." असं म्हणत तो गेलाही.

खाच इतकी अरुंद, की आत बोट जाईना, ब्रशही जाईना. बाईंनी कपाटावरून पत्रिकांच्या नमुन्यांचा गठ्ठा काढला. त्यातली सगळ्यात जाड, कडक पत्रिका निवडली, तिच्या बारीक पट्ट्या कापल्या, दोन दोन एकावर एक धरून स्पिरिटात बुडवल्या आणि खाचेतून अलगद फिरवू लागल्या. रणधीर मोबाइलचा उजेड धरून उभा. पहिली पट्टी लाल होऊन आली, दुसरी लाल, मग गुलाबी, मग हळदीची पिवळी. अक्षतांचे दाणे त्यांनी चिमट्यानं टिपले. कार्डाचे दात खोडरबरानं हलके घासले. शेवटी पट्टी कोरीच्या कोरी बाहेर आली. सगळं नीट वाळू दिलं.

"आता तू बसव," बाई म्हणाल्या.

"तूच बसव. तुझं मशीन हाय."

त्यांनी कार्ड खाचेवर ठेवून दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. टक्. दोन्ही टोकं एका रेषेत बसली.

बटण दाबलं. पंखे फिरले, जुना आणि नवा. पीं पीं झालं नाही. धून वाजली. काळ्या पडद्यावर आधी एक पांढरी रेघ लुकलुकली आणि मग पडदा उजळला. सगळं मोठालं, बटबटीत दिसत होतं. त्यांनी पेन ड्राइव्ह लावला, थोडा वेळ गेला, पडदा एकदा मिटून उघडला आणि सारं जागच्या जागी बसलं. बाईंनी पत्रिका उघडली. जुना फॉन्ट जसाच्या तसा. पण आता मात्रेचा, वेलांटीचा काठ न् काठ धारदार दिसत होता, आणि इतकी वर्षं विटकरी दिसणारा कलश खरा लाल दिसत होता.

"अगं बाई!" त्या पडद्याजवळ वाकून म्हणाल्या. "माझ्याच पत्रिका इतक्या देखण्या होत्या व्हय?"

त्यांनी रामहरींना बोलावणं धाडलं. ते मेहुण्याला घेऊन आले आणि आल्या आल्या दोघांची जुंपली. मेहुण्याचं म्हणणं, मामांची नावं आधी पाहिजेत.

"गप बसा दोघं," बाई म्हणाल्या. बोटं कीबोर्डवर धावायला लागली होती. "मामा डाव्या बाजूला, काका उजव्या बाजूला. एकाच ओळीत. कुणी वर न्हाय, कुणी खाली न्हाय. झालं?"

"झालं," मेहुणा म्हणाला.

रणधीर दारात उभा राहून बघत होता. अशा आवाजात आई पुण्याच्या घरी एकदाही बोलली नव्हती, हे त्या क्षणी त्याच्या ध्यानात आलं. नमुन्याची पहिली पत्रिका प्रिंटरमधून बाहेर पडली तेव्हा रामहरींनी ती दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावली.

पोती मात्र रिकामी गेली नाहीत. एकात बाईंनी ज्वारी भरली, एकात तुरीची डाळ आणि शेंगा, आणि वर करडईच्या तेलाचा डबा ठेवला.

"वचनाचं काय आता?" मोटारीत बसता बसता रणधीरनं विचारलं.

"ते हायेच की. बंद पडलं की येते."

"आई, मग पुढच्या खंडेनवमीला कुंकू बाहेरून लाव हं."

द्वारकाबाईंनी त्याच्या मांडीवर इरम्माचं एक झेंडूचं फूल ठेवलं. "बाहेरूनच लावणार. पण मी न्हाय, तू लावायचं. सोनालीला अन् लेकरांना घेऊन ये. पाटीवर नाव तुझंच हाय."