पाणी आणायला गेलो होतो

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही. देवापुढे हात जोडले तेव्हासुद्धा नाही — तिथंही मी दुसरंच काहीतरी मागून उठत आलो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापुढे बोलता येईल असं वाटतं. येईल का? बघू.

मी वर्धा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवतो. राहतो सिंदी मेघेत. पुढच्या वर्षी निवृत्त होईन. बी.ए.च्या मुलांना एक जुनी शोकांतिका आहे अभ्यासाला — वैर असलेल्या दोन घरांतले मुलगा-मुलगी, चोरून लागलेलं लग्न, शेवटी दोघांचंही मरण. परीक्षेत एक प्रश्न ठरलेला असतो: या नाटकाला कलाटणी कुठे मिळते? वर्षानुवर्षं मी एकच उत्तर लिहून देत आलो. मुलीकडचा एक जण नायकाला भर रस्त्यात डिवचतो. नायक हात आवरतो, कारण नुकतंच त्याचं लग्न झालेलं आहे आणि समोरचा माणूस आता त्याचा सोयरा आहे. हे तिथं कुणालाच माहीत नाही. त्याच्या मित्राला ते गप्प बसणं सोसत नाही, तो मध्ये पडतो आणि मरतो. मग नायक तलवार उचलतो. तोवर हसतखेळत चाललेलं नाटक तिथून मरणाच्या वाटेला लागतं. तलवार उचलली तो क्षण म्हणजे कलाटणी. पाच मार्क.

गेल्या हिवाळ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. एरवी तोंड न उघडणारी. म्हणाली, सर, तो तं हात आवरूनच होता. मित्रानं तोंड घातलं नसतं तं? — वर्ग हसला. ती बसली नाही. पुढे म्हणाली, आणि सर, दुसरा एक मित्र राजाले सगळं खरं खरं सांगते, त्याच्याबद्दल काऊन कोणी लिहीत नाई?

मी पुस्तक मिटलं. पोटात दुखतंय असं सांगून तास सोडला. स्टाफरूममध्ये जाऊन बसलो.

नरेश माझा मित्र. नाचणगावचा, शेतकऱ्याच्या घरचा. मी पुलगावचा. रोज सकाळची पॅसेंजर धरून दोघं वर्ध्याला कॉलेजला यायचो. माझा डबा तो खायचा, त्याचा मी. संगीता आमच्याच वर्गात होती — पुलगावात तिच्या वडिलांचं कापडाचं दुकान. घर पिढीजात व्यापारी, जात वेगळी, आणि तिचा मोठा भाऊ किशोर तापट म्हणून गावात प्रसिद्ध. नरेशचं आणि तिचं जमलं ते सगळ्यात आधी मला कळलं. चिठ्ठ्या मीच पोचवल्या. तिच्या बापाच्या दुकानावरून जाताना मीच खाकरायचो.

मग शेवटच्या वर्षी नरेश गप्प होत गेला. माझ्यापासून काही तरी लपवायला लागला. मला ते टोचत होतं. हे मी सबब म्हणून सांगत नाही — सबब नाहीच — पण त्या दिवशी मी कुठल्या मनानं गेलो होतो, ते तुम्हाला ठाऊक असावं.

तो दिवस पौषातला. हिंगणीजवळ आमच्या एका वर्गमित्राचं शेत होतं, कालव्याला लागून. तिथं रोडग्यांचा, म्हणजे गोवऱ्यांवर भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचा, बेत ठरला. सकाळीच आम्ही पाच जण गेलो. गोवऱ्या पेटवल्या, वांग्याची भाजी चुलीवर चढली. बाकीचे तिघं आंघोळीला जवळच्या धरणाकडे गेले. आगीपाशी नरेश आणि मी. निखाऱ्यातले रोडगे उलटवायला माझ्या हातात बाभळीचं दांडकं होतं.

किशोर मोटारसायकलवर आला. एकटाच. त्याला कुणी सांगितलं, आम्ही तिथं आहोत म्हणून? अजून मला माहीत नाही. गाडीवरून उतरला आणि सरळ नरेशपुढे उभा राहिला. आईवरून बोलला, बापावरून बोलला, जातीवरून बोलला. नरेशची कॉलर धरून हलवली. मी वाट पाहत होतो — आता नरेश ठेवून देईल, आता देईल. नरेशनं हात जोडले.

"किशोरभाऊ, तुम्ही मोठे आहा. मी घरी येऊन बोलतो तुमच्यासंग. इथं नोका बोलू."

आवाज इतका मऊ होता, की किशोरलाच काय करावं सुचेना. त्यानं कॉलर सोडली. मग पाठ फिरवून गाडीकडे निघाला. तुम्ही हे नीट ऐका — तो निघाला होता. गाडीला किल्ली लावली होती. आणखी एक मिनिट मी गप्प बसलो असतो, तर तो रस्त्याला लागला असता.

मी म्हणालो, "काऊन बे नऱ्या, हात काऊन जोडून राह्यला त्याले? त्याचीच बहीण तं फिरून राह्यली तुया मागं."

किशोरला ऐकू जावं म्हणूनच मोठ्यानं म्हणालो.

तो वळला आणि माझ्यावर धावला. बरोबरच होतं त्याचं. कुठला भाऊ धावला नसता? नरेश आमच्यामध्ये घुसला, त्यानं किशोरला दोन्ही हातांनी मागं रेटून धरलं, मला ओरडून सांगत राहिला — मागं हो, वसंता, मागं हो. मी मागं झालो नाही. नरेशच्या खांद्यावरून दांडकं चालवलं. एकदाच. कानाच्या वर लागलं. किशोर बसला, मग आडवा झाला. आवाज असा काही झालाच नाही.

नरेशनं माझ्या हातातलं दांडकं हिसकून खाली टाकलं. किशोरचं डोकं मांडीवर घेतलं, आपला दुपट्टा सोडून जखमेवर दाबला, आणि मला म्हणाला — पाणी आन.

मी बादली उचलून कालव्याकडे पळालो. पाणी भरलं. आणि तिथंच थांबलो. किती वेळ? सांगता येत नाही. धरणाकडून परतणाऱ्या तिघांना मी कालव्याच्या काठावर भरलेली बादली घेऊन उभा दिसलो. इकडे शेजारच्या शेतातली माणसं धावून आली, तेव्हा त्यांना दिसला नरेश — कपड्यांवर रक्त, पायाशी दांडकं, मांडीवर किशोर.

किशोर तिसऱ्या दिवशी वर्ध्याच्या दवाखान्यात वारला. शुद्धीवर आला नाही.

पोलिसांनी आम्हा पाचही जणांना बसवलं. नरेश एवढंच म्हणाला, "मी नाई मारलं. वसंताले विचारा." माझं नाव त्यानं घेतलं, पण मी मारलं असं म्हणाला नाही. ते त्यानं माझ्यावर सोडलं. मग माझ्याकडे पाहत राहिला — रागानं नाही, आता हा बोलेल अशा खात्रीनं. मी फरशीकडे पाहिलं आणि सांगितलं, मी पाणी आणायला गेलो होतो, मला काही दिसलं नाही. त्या तिघांनीही तेच सांगितलं. त्यांना बिचाऱ्यांना खरंच मी तसाच दिसलो होतो.

पुढे खटला उभा राहिला. तोवर नरेशनं वकिलाला सगळं सांगितलेलं होतं. वकिलानं मला भर कोर्टात विचारलं — दांडकं तुमच्याच हातात होतं ना? मी म्हणालो, नाही. पुन्हा विचारलं. पुन्हा नाही. गावानं म्हटलं, वकील लोक असंच करतात, एकाचं दुसऱ्यावर ढकलतात. नरेशला सात वर्षांची शिक्षा लागली. मी त्याच वर्षी एम.ए.ला नाव घातलं.

थांबा. एवढंच असतं, तर कदाचित मी हे एव्हाना कुणाला तरी सांगूनही टाकलं असतं. हाणामारीत हात उठला, भीतीनं खोटं बोललो — माणसं असं करतात, आणि ऐकणारे मान हलवतात. मला सांगायचं आहे ते याच्या पुढचं. तिथवर यायला मला एवढी पानं लागली.

खटला उभा राहायच्या आधीची गोष्ट. संगीता आमच्या घरी आली. आईनं तिला ओळखलं नाही. कॉलेजची मुलगी, वही मागायला आली असेल, असं समजून तिला पाणी दिलं आणि मागं वाळवण घालायला गेली. संगीता खाटेच्या कडेवर बसली. भाऊ जाऊन दोन-अडीच महिने झाले होते. पेला तिनं नुसता हातात धरून ठेवला.

तिनं सांगितलं, आमचं लग्न झालेलं आहे. त्या रोडग्यांच्या चार दिवस आधी नागपूरला जाऊन केलं. घरी अजून कुणाला ठाऊक नाही.

तुमच्या लक्षात येतंय का मला तेव्हा काय कळलं? नरेशनं हात का जोडले, ते कळलं. समोर त्याच्या बायकोचा भाऊ उभा होता.

ती म्हणाली, तुम्ही पोलिसांना काय सांगितलं ते मला माहीत आहे. पण तुम्ही त्याचे मित्र. तुम्हाला माहीत असेल. घरचे माझं दुसरीकडे ठरवून राहिले आहेत. मी अजून त्यांना काही बोललेले नाही, कारण मला आधी एक कळायला पाहिजे. मग तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं.

"त्यानं नसन मारलं, तं मी थांबीन. किती वर्षं लागली तरी थांबीन. मले फक्त खरं सांगा."

बाहेर आईच्या बांगड्या वाजत होत्या. माझ्यापुढे काय होतं? खरं सांगितलं असतं तर ती गप्प राहिली नसती — सरळ पोलिसांत गेली असती, हे मला दिसत होतं. 'मला माहीत नाही' म्हणालो असतो, तरी चाललं असतं. तेवढंही पुरलं असतं. तिनं स्वतःच्या मनाला विचारून काहीतरी ठरवलं असतं, आणि तिचं मन काय म्हणत होतं ते तिच्या चेहऱ्यावर होतं. पण 'माहीत नाही' म्हटलं, तर ती पुन्हा येणार होती. पुन्हा विचारणार होती.

मी म्हणालो, "त्यानंच मारलं."

"तुम्ही पाह्यलं?"

मी मान हलवली. पोलिसांपुढे मला काहीच दिसलं नव्हतं. तिच्यापुढे मला सगळं दिसलं.

ती रडली नाही. पेला खाली ठेवला, त्यातलं पाणी तसंच होतं. आईला येते म्हणून सांगून गेली. वैशाखात तिचं लग्न झालं, गोंदियाकडे कुठेतरी, एका व्यापाऱ्याशी. नागपूरच्या त्या लग्नाबद्दल ती कधीच कुणाला बोलली नाही. नरेशनंही खटल्यात ते लग्न येऊ दिलं नाही. तिची बदनामी नको म्हणून.

मी शिकलो, नोकरीला लागलो, लग्न केलं. मुलगी झाली. मुलीनं स्वतः ठरवून लग्न केलं तेव्हा मी होकार दिला, आणि लोक म्हणाले, सर मोठ्या मनाचे. मी ते ऐकून घेतलं.

नरेश सुटून आला तोवर त्याचे वडील गेले होते. त्यानं शेती धरली, लग्न केलं नाही. पुलगावच्या बाजारात कधी दिसला, तर राम राम करायचा आणि पुढे जायचा. मी वळायचो, तो वळायचा नाही. दांडक्याचा विषय त्यानं एकदाही काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं का? मला तसं वाटायचं. आता वाटत नाही.

गेल्या उन्हाळ्यात त्याची आई वारली. तेरवीला मी नाचणगावला गेलो. न जाऊन भागणार नव्हतं, तिच्या हातचं खाल्लेलं होतं. जेवणं झाली, माणसं पांगली. नरेश माझ्याशेजारी सतरंजीवर येऊन बसला. केस पूर्ण पांढरे. आईबद्दल थोडं बोलला. म्हणाला, मायले शेवटपर्यंत वाटे मीच मारलं. लेकराचं चुकलं म्हणून उपास धरे.

मला वाटलं, आता तो बोलणार. मी अंग चोरून बसलो. पण त्यानं विचारलं ते वेगळंच.

"संगीता तवा तुयापाशी आलती का रे कवा? काई विचारलं होतं का तिनं?"

इतक्या वर्षांनंतर तो तेवढंच विचारत होता. मला शिक्षा नव्हती व्हायची, नोकरी नव्हती जायची, समोर कोर्ट नव्हतं. फक्त हो म्हणायचं होतं.

"नाई," मी म्हणालो. "नाई आली."

तो म्हणाला, "मले वाटे, ती एकदा तरी कोणाले विचारीन." आणि उठून उष्ट्या पत्रावळी गोळा करायला लागला. मला म्हणाला, जाजो हळू, रस्त्याचं काम चालू हाये.

ती आली होती. चैत्रातल्या भर दुपारी, चालत, घरी कुणाला न सांगता, ती विचारायला आली होती.