काळ्या धोंडीपाशी गरगरलेला नारळ

हैबती उतेकराला पोहायला असं कुणी शिकवलं नाही. सावित्रीला पूर आला की बाप त्याच्या कमरेला दोर बांधायचा आणि वाहत येणाऱ्या ओंडक्यांवर त्याला सोडून द्यायचा. ओंडका हाती लागला तर चुलीची बेगमी. सुटला तर त्याच दोराचं टोक पाठीवर. बाराव्या वर्षी पोराला नदी पाठ झाली.

नारळाचंही बापानंच शिकवलं. पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या पायथ्याला नदी एका अरुंद घळीत शिरते. दोन्ही अंगाला ताशीव कडे, मधे पिसाळलेलं पाणी. घळीच्या तोंडाशी नारळ सोडायचा. सरळ आत गेला तर आपणही जायचं. आत शिरताच लागणाऱ्या काळ्या धोंडीपाशी गरगरला तर तिथं भोवरा तोंड वासून बसलाय असं समजायचं आणि कड्यावरच्या पायवाटेनं पलीकडं उतरायचं.

पुण्याच्या एका कंपनीनं पावसाळ्यात तीन-तीन दिवसांच्या राफ्टिंगच्या सफरी सुरू केल्या, तेव्हा हैबतीला वाटाड्या म्हणून घेतलं. चार वर्षं राफ्टच्या मागल्या टोकाला, दिशा देणाऱ्या वल्ह्यावर तोच बसला. मग ऋत्विक आला. सव्वीस वर्षांचा, हृषीकेशहून राफ्टिंगचं सर्टिफिकेट घेतलेला. वल्हं त्याच्याकडं गेलं आणि साठीचा हैबती पुढं, सामानाशेजारी. गेल्या साली नारळ दोनदा गरगरला, दोनदा राफ्टमधली हवा सोडून ती कड्यावरून वाहून न्यावी लागली, पाहुणे वैतागले. यंदा मालकानं बजावलं, "काका, आता एकदा जरी राफ्ट अडवलीत, तर परत राफ्टमध्ये पाय ठेवायचा नाही."

बायको काशीबाई म्हणाली, "अवंदा तोंड शिवून बसा. नारळ नदीला घालताय नि हितं कालवणात खोबरं नाय."

तो तोंड शिवूनच बसणार होता. नदी सुटली तर आपण कोण, हे त्याला ठाऊक नव्हतं. पण श्रावणातल्या सफरीच्या दुसऱ्या सकाळी त्यानं नारळ सोडला, आणि नारळ धोंडीपाशी गरगर फिरायला लागला.

"नाय जायाचं," हैबती म्हणाला. म्हणायचं नव्हतं, तरी तोंडातून गेलं.

मुंबईहून आलेली प्रियदर्शिनी मोबाइल त्याच्या तोंडासमोर धरून होती. "काका, नारळाला लाइफ जॅकेट घाला ना!"

राफ्टभर खिदळणं उठलं.

"बाय गो, हसू नको. त्या भोवऱ्यात बैल गेलेला मी बघितलाय, शिंगसुद्धा वर आलं नाय."

"बैलाला वल्हवता येत नव्हतं, काका," ऋत्विक म्हणाला. "बसताय की उतरताय?"

हैबती उतरला. आपण उतरलो म्हणजे हे थांबतील, असं त्याला वाटलं. राफ्टनं मात्र नाक वळवलं आणि ती घळीत शिरलीसुद्धा.

तो पायवाटेनं धावत सुटला. करवंदीच्या जाळ्यांनी पोटऱ्या फाडल्या. खालून किंचाळ्या येत होत्या. तासाभरानं पलीकडच्या कातळावर धापा टाकत उतरला, तर मंडळी चहा पीत बसलेली. जाता जाता ऋत्विकनं वल्ह्यानं नारळही ओढून घेतला होता. तो फोडून वाटणं चाललं होतं. प्रियदर्शिनीनं एक तुकडा त्याच्या हातावर ठेवला. "घ्या, प्रसाद."

ऋत्विक त्याला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, तुमचा भोवरा मेलाय. दरडी कोसळल्या त्या साली धोंडीमागं गोटे भरले. उन्हाळ्यात मी तिथं उभा राहून आलोय, पाणी गुडघ्याएवढं. नारळ त्यात अडकून गरगरतो, राफ्ट बाजूनं निघून जाते."

"मंग मला सांगितलं का नाय?"

"पाहुण्यांना आवडतो ना तुमचा नारळ."

तिसऱ्या दिवशी राफ्ट त्याला न घेताच गेली. सावित्रीच्या काठाकाठानं तो पोलादपूरपर्यंत चालत आला. त्याच्या आधी त्याचा व्हिडिओ पोचला होता. चहाच्या टपरीवरून कुणीतरी ओरडलं, "ओ उतेकर, बैलाला वल्हवता येतं का?"

मालकाचा फोन आला. त्यालाही व्हिडिओ भारी आवडला होता. आता फेटा बांधून घळीच्या तोंडाशी उभं राहायचं, नारळ टाकायचा, जाऊ नका म्हणून हातवारे करायचे. पुढं पाहुणे राफ्टनं जातील, काकांनी घरी जावं. हैबती 'बरं' म्हणाला.

पुढच्या सफरीला त्यानं गुलाबी फेटा बांधला. नारळ गरगरला. "माघारी फिरा!" तो सांगितल्याप्रमाणं ओरडला, लोकांनी शिट्ट्या मारल्या, राफ्ट आत गेली. पायवाट घराकडं वळते तिथं तो थबकला. कान घळीकडं लागले.

आतून किंकाळी आली.

हैबतीच्या छातीत एकदम हलकं वाटलं. वाटलं ते त्याच्या ध्यानातही आलं, पण जागचा हलला नाही. आणखी एखादी येते का म्हणून तोंड उघडं ठेवून उभा राहिला.

किंकाळीमागोमाग हसणं आलं, आणि टाळ्या.