बारशाच्या दिवशीचा विनोद

माझ्या लेकीच्या छातीत दुखत होतं आणि मी म्हणाले, दूध दाटलंय. तीन मुलं वाढवलेली बाई ना मी, मला कशाला लागतोय डॉक्टर.

लेक पहिल्या बाळंतपणाला कोरेगावला आली होती. बारशाचा दिवस. इस्लामपूरहून सासरची माणसं निघालेली, आणि सकाळीच ती म्हणाली, आई, छातीवर कुणीतरी बसल्यागत वाटतंय. मी मिठाची पुरचुंडी गरम करून शेकायला दिली. तासाभरानं म्हणाली, डावा हात भरून आलाय. बाळ घेऊन घेऊन, मी म्हटलं. ओवा चघळायला दिला आणि तिला जरीची साडी नेसवली.

पाळण्याभोवती बायका जमल्या तेव्हा तिनं तिसऱ्यांदा माझा पदर ओढला. चार बायका दिसल्या की माझी जीभ सैल सुटते. मी मोठ्यानं म्हणाले, "पोरगी अडीच किलोची, आन आईची कुरकुर अडीच मणाची." सगळ्या हसल्या. लेकही हसली. विहीणबाई जरा मागाहून पोचल्या, तर त्यांच्यासाठी मी तो विनोद पुन्हा सांगितला. एवढी मी हुशार.

बाळाला आंघोळ घालणारी बाई तेवढी हसली नव्हती. तिनं लेकीच्या पाठीवरून हात फिरवला आणि माझ्याकडं वळली.

"आवं, पोर गार पडलीया. दुधानं असा घाम फुटत न्हाई. गाडी काढा."

साताऱ्यात पहिल्या डॉक्टरनं वय विचारलं, एकोणतीस ऐकलं आणि पित्ताचं इंजेक्शन दिलं. म्हणजे मूर्ख मी एकटी नव्हते. पण त्याचा काय उपयोग. दुसरीकडं ईसीजी काढला आणि धावपळ सुरू झाली. हृदयाच्या रक्तवाहिनीचं आतलं अस्तर फाटलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, धडधाकट तरुण बायकांनाही होतं हे, कधी बाळंतपणानंतर लगेच.

लेक वाचली. हृदय थोडं अधू राहिलं, दुसरं मूल नको म्हणून सांगितलं. नात आता शाळेत जाते, माझ्या गमतींवर खिदळते. लेक हसत नाही.

गेल्या दिवाळीत मी तिला विचारलंच, एवढं दुखत होतं तर आणखी एकदा ठणकावून का नाही सांगितलंस? ती नातीची वेणी घालत होती. मान वर न करता म्हणाली,

"सांगणार हुते की. पर तू परत सगळ्यांना हसवलं असतंस."