ये, जेऊन जा

चाळिशी आली तरी मी अजून तो जुना खेळ खेळतो, आणि हे सांगायला मला लाज वाटत नाही. येरमाळ्यात हायवेच्या कडेला माझं मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी येतात, त्यांतली काळी पडलेली तार काढायची आणि नवी भरायची. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी शटर अर्धं ओढतो आणि कॉम्प्युटर लावतो. घरी वाट बघणारं कुणी नाही, तेव्हा उशीर झाला म्हणून बोलणारंही कुणी नाही.

खेळ साधा आहे. एक तलवारवाला, ओसाड मुलूख, भुयारं आणि त्यांतले राक्षस. मारामारी आपल्याच बोटांनी करायची. जितकी करू तितका गडी तरबेज होत जातो. यातल्या तलवारीला वजन आहे. हल्लीच्या खेळांत तलवारी पंख्याच्या पात्यांसारख्या गरगर फिरतात. इथं दोन वार घातले की गड्याला धाप लागते आणि तिसरा वार फुकट जातो. खाली हिरवी पट्टी असायची. तिला आम्ही दम म्हणायचो. आम्ही म्हणजे मी आणि माझ्याहून चार वर्षांनी मोठा भाऊ, दादा.

खेळायचो मी. दादा मागं खुर्चीवर बसून उंटावरचं शहाणपण शिकवायचा. मी मेलो की म्हणायचा, "नाचता येईना, अंगण वाकडं." पण अंगणही थोडं वाकडं होतंच. नकाशा असा की दोन तास किल्ली शोधावी आणि ती आपल्याच पिशवीत निघावी. भाड्यानं घेतलेला साथीदार दारातच अडकून उभा राहायचा, ना आत ना बाहेर. आणि गावातली माणसं! प्रत्येकाला एकच वाक्य, आणि त्याचा अर्थ दादा सांगायचा. त्यांच्यासाठी शेवटचा राक्षस मारून आलो, तरी लोहार आपला तेच म्हणतोय की लोखंड महागलं. एवढा मोठा पराक्रम केला, पण गावाला पत्ताच नाही. त्या दिवशी मला खरंच रडू आलं होतं.

एकच बाई वेगळी होती. त्या खेळात झालेलं टिकवायचं, तर गावातल्या खानावळीत जाऊन झोपावं लागे. बाहेर मेलात किंवा लाईट गेली, तर सगळं पाण्यात. आमच्याकडं लाईट जायच्या वेळा भिंतीवर लिहिलेल्या असत. वेळ जवळ आली की दादा ओरडायचा, "पळ, मावशीकडं पळ!" मी राक्षस सोडून खानावळीकडं धूम ठोकायचो. दारात ती जाडजूड बाई उभी असायची आणि आमच्या फाटक्या स्पीकरमधून घोगऱ्या आवाजात म्हणायची, "ये, जेऊन जा."

इंग्रजी खेळात ही बाई मराठी कशी बोलते, हा प्रश्न मला कधी पडला नाही. बाकीचे बोलतात ते कळत नव्हतं, हिचं कळत होतं, बस. दहावीत इंग्रजीनं मला दोनदा लोळवलं होतं. आईनं तर एकदा चुलीपुढून ऐकवलं, "बघा, तिला बी कळतंय. तुमास्नी हाका मारून माजा घसा बसला." मग आम्ही हसत उठायचो आणि पानावर बसायचो.

दादा शिकून पुण्याला गेला, मी तारा भरत राहिलो. तीन वर्षांपूर्वी आई गेली. तेराव्याच्या जेवणावळी उरकल्यावर दादा म्हणाला, "दुकान बंद कर, चल माझ्यासंगं. इथं एकटा काय करणार हायेस?" बोलला चांगल्यासाठीच. पण माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "आई होती तवर पाव्हण्यावानी येत होतास. आता तेवढं बी नगं. जा तुज्या वाटेनं."

तो गेला. वहिनीचं माहेर लातूरला, त्यामुळं येरमाळा त्यांच्या वाटेतच लागतं. गेल्या दिवाळीत त्याची गाडी समोरच्या हॉटेलपुढं थांबली. मी हातातली तार ठेवून उभा राहिलो. त्यानं चहा घेतला, माझ्या पाटीकडं एकदा बघितलं आणि गाडीत बसला. मी त्याला मनातल्या मनात नाही नाही ते बोललो. हॉटेलापासून माझं दुकान तीस पावलंसुद्धा नव्हतं.

गेल्या महिन्यात त्या खेळाची नवी आवृत्ती घेतली. चित्रं घासूनपुसून चकचकीत केलेली, आवाज स्वच्छ, आणि कुणी बोललं की खाली अक्षरं उमटतात. तलवारीचं वजन तेवढं कमी केलंय, ते मला पटलं नाही. पहिलं भुयार संपवून मी सवयीनं खानावळीत गेलो. बाई त्याच घोगऱ्या आवाजात बोलली आणि खाली उमटलं: 'यी जर्नी ऑन, चाइल्ड.' फोनमध्ये घालून अर्थ बघितला. लेकरा, तू आपल्या वाटेनं चालू लाग.

मी तिला पाच-सहा वेळा बोलायला लावलं. एकदा अक्षरं कळल्यावर 'जर्नी ऑन'चं 'जेऊन' काही केल्या ऐकू येईना. मग मी कॉम्प्युटर बंद केला. इतकी वर्षं ती जे म्हणत होती, ते मीच माझ्या तोंडानं दादाला म्हणालो होतो. आणि तो माझं ऐकून वाटेनं जात होता, तर राग मला येत होता.

मी फोन लावला. त्यानं लगेच उचलला. मला दुसरं काही सुचेना, म्हणून म्हणालो, "दादा, खेळातली ती खानावळवाली 'जेऊन जा' म्हणत नव्हती."

"म्हाईत हाय."

"कधीपास्नं?"

"पयल्या दिवसापास्नं. तू लई खूश व्हतास. आईबी. कशाला सांगायचं?"

हायवेवरून ट्रक गेला, तो त्यालाही ऐकू गेला असणार. मी विचारलं, "लातूरला कधी जाणार हायेस?"

"ऐतवारी."

"ये, जेऊन जा."

तो म्हणाला, "ह्ये कोण म्हणतंय? ती का तू?"

"मी," म्हणालो. "मी म्हणतोय, दादा."