कोतवालाची उर्वशी आणि कोरा रकाना

ढाणकीत कोणाच्या घरी काय शिजतंय, हे कोकिळाबाईला फोडणी पडायच्या आधी कळे. पण समोरच्या किसनराव रामटेक्यांची उर्वशी दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून करते काय, हे काही तिला उलगडेना. मग तिने स्वतःच ठरवून टाकलं, "पोरीचं कुठंतरी जमलं हाय. चिठ्ठ्या लिहून राह्यली!"

चिठ्ठ्या खऱ्या होत्या; मजकूर तेवढा प्रेमाचा नव्हता. साल दोन हजार सात. कापसाची पेरणी दोन-दोनदा उलटायची, असे ते दिवस. कोणत्या गावात किती पाऊस झाला हे नकाशावर दाखवणारा एक फुकट प्रोग्राम काही हौशी मंडळी मिळून बनवत होती. त्याचा कोड सगळ्यांना खुला. दुरुस्ती, म्हणजे पॅच, कोणीही पाठवावा. पण तपासून तो आत घालायचा हक्क दोघांनाच. एक बंगलोरचे कपिलसर, ज्यांनी हे मांडलं. आणि त्यांनीच महिन्यापूर्वी नेमलेली उर्वशी. शिवाय आपला पॅच आपणच आत घालायचा नाही, असा दंडक.

त्या दुपारी पॅच आला तो खुद्द कपिलसरांचा. सोबत एक ओळ : 'संध्याकाळी नवी आवृत्ती काढायची आहे. घालून टाक.'

कोड मोठा देखणा. फक्त, ज्या दिवसाची नोंद नाही तिथे शून्य पाऊस धरला होता. उर्वशी तिथेच अडली.

"बाबा, तुमच्या पावसाच्या वहीत रकाना कोरा असला म्हणजे पाऊस नव्हता काय?"

किसनराव उखडले. तीस वर्षं सकाळी आठला पर्जन्यमापकातलं पाणी मोजलेला कोतवाल तो! "नव्हता तं शून्य लिहिलं म्या! कोरा म्हंजे मी गेलोच नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीले, सासरवाडीले गेलतो, अन् तवाच असा कोसळला का नाला घरात!"

"अन् मोजलाच नाही?"

"हळू बोल ना! कोकिळाबाई कान लावून बसली हाय."

उर्वशी हसली, मग पुन्हा कपिलसरांच्या ओळीकडे वळली. "ज्यानं हक्क देला त्यालेच नाही म्हणू? काढून घेतला तं?"

"तुले मोजायले बसवलं ना? मंग मोज. सायबाचं पाणी मोजायच्या काचेत जास्त चढते काय?"

तिने सगळ्यांना दिसेल असं लिहिलं : 'पॅच घेता येत नाही. कोरा दिवस कोराच ठेवा. नाहीतर मोजणारा सासरवाडीला गेला, की आपल्या नकाशावर दुष्काळ.'

 तासाभरात उर्वशीने चहा तीनदा गरम केला, प्याली एकदाही नाही.

मग उत्तर आलं : 'चूक माझी. आवृत्ती उद्या काढू.' सोबत सुधारलेला पॅच. गडी घाईत चुकलेला, म्हणून तिने तोही पहिल्या ओळीपासून तपासला आणि मगच आत घातला.

"माहं नाव कुठं हाय?" किसनरावांनी विचारलं.

तिने नोंद वाचून दाखवली : 'लिहिणार कपिल. तपासणार उर्वशी रामटेके. कोऱ्या रकान्याचा नियम किसनराव रामटेके, ढाणकी, यांच्या सांगण्यावरून.'

किसनरावांनी उठून दार सताड उघडलं.

"आता वाच," ते म्हणाले, "जरा दमानं, अन् मोठ्यानं."