सर्वानुमते मंजूर

माझं अक्षर चांगलं आहे, हे कौतुक मी शाळेपासून ऐकत आलोय. त्याच अक्षराने मला मान खाली घालायला लावली. चाळ सोडून आम्ही मीरा रोडला, बेव्हर्ली पार्कात राहायला आलो तेव्हाची गोष्ट. व्हीसीडीचा जमाना होता. सोसायटीच्या कमिटीने मिटिंगची वही माझ्या हातात दिली आणि मी असा काही फुगलो की विचारू नका!

खालच्या मजल्यावर एक काका एकटेच राहायचे. बँकेतून रिटायर झालेले. रविवारी दुपारी केबिन रोडवरच्या दुकानातून भाड्याने आणलेली व्हीसीडी लावायचे आणि मला हाक मारायचे. आवड एकाच तऱ्हेच्या सिनेमांची: उद्याचं जग, सगळ्यांचे कपडे एकसारखे, भोंग्यातून हुकूम, आणि एकच माणूस वेगळा. मला जांभया यायच्या. काका मधेच सिनेमा थांबवून शिकवायचे.

"बघ हं, आवाज येतोय, पण बोलणारा दिसत नाही. म्हणजे चिडायचं कुणावर? आणि लबाडी बघ, सुरुवातीला कॅमेरा गर्दीतच उभा केलाय. त्या वेड्याला सगळे हसतात, आपणही हसतो. मग हळूच कॅमेरा त्याच्या खोलीत नेतात. आता हस म्हणावं!"

एकदा म्हणाले, "अशा गोष्टीत एक कारकून असतोच. दुष्ट नसतो रे तो. सांगतील ते नीट अक्षरात लिहितो, एवढंच."

मी म्हटलं, "काका, भजी गार होतायत."

जुन्या भाईंदरची एक कोळीण मावशी आठवड्यातून दोनदा मासळीची पाटी घेऊन आमच्या आवारात यायची. काका तिचं हक्काचं गिऱ्हाईक, आमचं घरही. मग वास येतो अशी काही घरांनी तक्रार केली आणि पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून मिटिंग बसली. चेअरमननी विचारलं, "मच्छीवाली गेट के अंदर नहीं आएगी. सबको मंजूर?" भराभर हात वर झाले. माझाही झाला. दोनच दिवसांपूर्वी तिची सुरमई चापलेला हात!

काका उठून उभे राहिले. "माझा विरोध आहे. तसं लिहून घे." सगळे हसले. मीपण हसलो.

नंतर चेअरमननी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "एक आदमी का क्या लिखना? सर्वसम्मति लिख दो, अच्छा दिखता है." कुणी धमकी दिली नव्हती हो. मी नवा होतो, मला चारचौघांत बसायचं होतं, बास. "सर्वानुमते मंजूर" असं मी वळणदार अक्षरात लिहिलं आणि एक प्रत गेटजवळच्या फळ्यावर लावली. जिन्यात काकांनी विचारलं, "लिहिलंस ना माझं?"

"हो काका," मी म्हणालो.

मंगळवारी सकाळी मी दूध घेऊन परतत होतो. वॉचमनने मावशीला गेटवर अडवून फळ्याकडे बोट दाखवलं होतं. तिला वाचता येत नव्हतं. काका पिशवी घेऊन मासे घ्यायला खाली आले होते, तिने त्यांनाच विचारलं, "काय लिवलंय हितं? वाचा की जरा."

काका वाचू लागले आणि त्या शब्दापाशी थांबले.

"सर्वानुमते... म्हणजे सगळ्यांच्या संमतीने."

मावशी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. "म्हंजे तुमी पन, काका?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत, नुसती वाट बघत राहिले. मी बोलायला हवं होतं. 'काका नाही म्हणाले होते, मावशी, मी खोटं लिहिलं.' एवढंच तर होतं! पण मी दुधाची पिशवी या हातातून त्या हातात घेत राहिलो. शेवटी माझी लाज राखायला तेच म्हणाले, "हो गं. मीपण."

पाटी डोक्यावर चढवायला ती नेहमी काकांना हाक मारायची. त्या दिवशी तिने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"तू लाव रं हात," ती मला म्हणाली. आणि मी लावला.